वाचकांचे प्रश्न: क्लाउडवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला का?

या वेळी क्लाउड होस्टिंगवरचे (म्हणजे आपलं सॉफ्टवेअर आणि डेटा दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने ठेवण्यावरचे) प्रश्न बरेच आलेत, म्हणून अख्खा कॉलम त्यालाच देतोय. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीयेत.

प्रश्न (इचलकरंजी): आमचा सुताचा होलसेलचा धंदा आहे. टॅली दुकानातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालतं. एक एजंट मागे लागलाय की टॅली क्लाउडवर टाका, घरून, गोडाऊनवरून कुठूनही बिलं करा, युजरमागे महिन्याला ठराविक पैसे, आणि बॅकअपची चिंता कायमची मिटली. खरं आहे का?

उत्तर: घरून बिलं करता येतील हे खरं. चिंता मिटली हे मात्र एजंटच्या तोंडचं वाक्य आहे.

होतं काय, तर ती कंपनी डेटासेंटरमधल्या एका विंडोज सर्व्हरवर तुम्हाला जागा देते आणि तुम्ही रिमोट डेस्कटॉपने (इंटरनेटवरून दूरचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवर चालवायची सोय) तिथे शिरून तेच टॅली वापरता, टॅलीत काही बदल होत नाही. लाइट गेली, दुकानातली हार्डडिस्क उडाली, पावसात पाणी शिरलं, यातून सुटका होते आणि ती काही कमी नाही, इचलकरंजीत पुराचं वेगळं सांगायला नको. पण ऑपरेटरने चुकून टॅलीतली कंपनी, म्हणजे तुमच्या धंद्याचे सगळे हिशेब, डिलीट मारली किंवा व्हायरसने फाइली लॉक केल्या तर क्लाउडवरचं टॅलीही तसंच जातं. तेव्हा बॅकअप हा वेगळा विषय आहे आणि तो वेगळाच विचारायचा: रोज होतो का, किती दिवसांचे जुने बॅकअप ठेवता, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठेवता कुठे?

हे "कुठे" का, तर फ्रान्समध्ये ओव्हीएच म्हणून युरोपातली मोठी होस्टिंग कंपनी आहे, तिच्या स्ट्रासबर्गच्या डेटासेंटरला १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली आणि एक पाच मजली इमारत आतल्या सर्व्हरसकट जळाली. ज्यांनी बॅकअप दुसऱ्या शहरात ठेवले होते ते काही दिवसांत परत उभे राहिले. ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते किंवा ज्यांनी घेतलेच नव्हते, त्यातल्या कितीतरी लोकांचा डेटा कायमचा गेला. बॅकअप ही होस्टिंगबरोबर आपोआप येणारी गोष्ट आहे असं तिथल्याही बऱ्याच गिऱ्हाइकांनी धरून चाललं होतं.

म्हणून एजंट काहीही म्हणू दे, आठवड्यातून एकदा तरी टॅलीचा बॅकअप स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्या आणि महिन्यातून एकदा तो घरच्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून बघा. नुसती फाइल दिसते म्हणून खूश व्हायचं नाही, कंपनी उघडायची, त्या दिवशीचा शेवटचा सेल्स व्हाउचर नंबर दुकानातल्या बिलबुकाशी ताडून बघायचा, दोन-चार पार्ट्यांचे क्लोजिंग बॅलन्स बघायचे. अर्ध्या तासाचं काम आहे, मुनीमजी आनंदाने करतील (निदान एकदा तरी).

अजून दोन गोष्टी. एक, लायसन्स तुमच्या नावावरचंच हवं, आणि दोघं-तिघं एकाच वेळी काम करणार असाल तर एकट्यापुरतं सिल्व्हर लायसन्स चालणार नाही, अनेकांसाठीचं गोल्ड लागतं. "लायसन्स पॅकेजमध्येच आहे" म्हणाला तर ते कुणाच्या नावावर आहे ते लेखी घ्या. दुसरं, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट (सर्व्हरमध्ये शिरायचं दार) इंटरनेटवर सताड उघडा ठेवून पासवर्ड दुकानाच्या नावापुढे १२३ असा ठेवला तर रॅन्समवेअरवाल्यांना, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्यांना, आमंत्रणच दिल्यासारखं आहे. व्हीपीएन (सर्व्हरपर्यंतचा खाजगी, सुरक्षित रस्ता) किंवा ओटीपी देता का ते विचारा, नाही म्हणाला तर दुसरा बघा.

प्रश्न (जळगाव): मी एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अकाउंटंट आहे. आमचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे, सर्व्हर सिंगापूरला. ऑडिटर म्हणतात बॅकअप रोज भारतात हवा. असा खरंच नियम आहे का?

उत्तर: आहे. कंपन्यांच्या अकाउंट्स रूल्समध्ये ऑगस्ट २०२२ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून हिशेबाच्या वह्या इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप रोजच्या रोज आणि प्रत्यक्ष भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. मूळ डेटा सिंगापूरला राहिला तरी चालतो, फक्त रोजची कॉपी इथे यायला हवी. त्यात आता अवघड काही नाही, मायक्रोसॉफ्टचं पुण्याचं रीजन (डेटासेंटरचं ठिकाण) २०१५ पासून आहे, एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) मुंबईचं २०१६ पासून, गूगलचं २०१७ पासून, शिवाय देशी कंपन्या आहेतच. दरवर्षी सर्व्हिस प्रोव्हायडरचं नाव, ठिकाण, आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) वगैरे माहिती रजिस्ट्रारला कळवायची असते तेही बघून घ्या. प्रोप्रायटरी आणि साध्या भागीदारीला हा नियम लागू नाही.

प्रश्न (पुणे, बाणेर): आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. क्लाउडचं बिल दोनशे डॉलरच्या आसपास येईल असं धरलं होतं, आलं जवळपास दुप्पट. टेस्टिंगचे सर्व्हर तर आम्ही बंद करून ठेवलेले! पैसे कसले लावले?

उत्तर: बंद केले म्हणजे स्टॉप केले, डिलीट नाही केले, बरोबर? स्टॉप केल्यावर सीपीयू-रॅमचे पैसे थांबतात पण डिस्क तुमच्या नावावर तशीच असते आणि तिचं भाडं चालू राहतं, जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या-त्या वेळच्या प्रती) साठले असतील तर त्यांचंही. राखून ठेवलेल्या आयपीचंही तसंच, एडब्ल्यूएसने फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लावलेत, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन डॉलर. एकाचं काही वाटत नाही, पण डेव्हलपर मंडळी हौसेने पंधरा-वीस घेऊन ठेवतात.

खरा चोर बहुतेक वेळा बाहेर जाणारा डेटा असतो. आत येणाऱ्याला पैसे नाहीत, बाहेर जाणाऱ्याला आहेत. एडब्ल्यूएसचे जाहीर दर घेतले तर महिन्याला पहिले १०० जीबी फुकट आणि पुढे मुंबईतून जीबीमागे सुमारे ११ सेंट, म्हणजे तुमच्या ॲपमधून लोकांनी १ टीबीचे व्हिडिओ-फोटो बघितले की शंभरेक डॉलर तिथेच गेले. बिलाच्या पानावर सर्व्हिसप्रमाणे फोड करून बघा, मग नुसतं डेटा ट्रान्सफर वेगळं काढा, पाच मिनिटांत कळेल. बजेटचा अलर्ट लावाच, पण तो फक्त मेल करतो, खर्च थांबवत नाही, हे लक्षात असू दे.

जीएसटी नंबर अकाउंटमध्ये भरलाय ना तेही बघा, बऱ्याच जणांचा राहून जातो आणि १८ टक्क्यांचं क्रेडिट हातचं जातं. क्लाउड कंपनीचं बिल थेट परदेशातून येत असेल तर रिव्हर्स चार्ज लागतो, म्हणजे जीएसटी तुम्हीच भरायचा, तुमच्या सीएला आत्ताच सांगून ठेवा, वर्षअखेरीला नको.

प्रश्न (सातारा जिल्हा): मी एका पतसंस्थेचा सचिव आहे. आमचं सॉफ्टवेअर आणि सर्व्हर दोन्ही एकाच कंपनीकडे क्लाउडवर आहे. करारात ९९.९ टक्के अपटाइमची (सिस्टीम चालू राहण्याची) गॅरंटी आहे, तरी मागे एकदा भर सकाळी सिस्टीम बंद पडली, पिग्मी एजंटांची मशीन अपलोड होईनात, काउंटरवर सभासदांची रांग. कंपनीने सॉरी म्हणून पुढच्या बिलात थोडी सूट दिली. आता कंपनी बदलावी म्हटलं तर डेटा पीडीएफमध्ये देऊ म्हणतात. काय करावं?

उत्तर: आधी ९९.९ चा हिशेब. तीस दिवसांच्या महिन्यात ०.१ टक्का म्हणजे ४३ मिनिटं, वर्षाला पावणेनऊ तास. एवढा वेळ बंद राहूनही कंपनी करारात बसते, आणि "पूर्वसूचना देऊन केलेलं मेंटेनन्स" त्यात बहुतेक मोजतच नाहीत. त्यापेक्षा जास्त बंद राहिली तर मिळतं ते सर्व्हिस क्रेडिट, म्हणजे पुढच्या बिलात सूट. तुमच्या काउंटरवरच्या मनस्तापाची भरपाई मोठ्यातली मोठी क्लाउड कंपनीही साध्या करारात देत नाही, त्यामुळे तिथे भांडण्यात फार अर्थ नाही. भांडायचं ते डेटावर.

पीडीएफ म्हणजे डेटा नव्हे, तो छापलेला कागद झाला. नव्या सिस्टीमला सभासद, खाती, ठेवी, कर्जं, हप्ते, सगळं टेबलांमध्ये लागतं, एकतर पूर्ण डेटाबेसचा डंप (सगळी टेबलं जशीच्या तशी उतरवलेली फाइल) किंवा निदान एक्सेल-सीएसव्ही, आणि सोबत कुठल्या रकान्यात काय आहे याची यादी. डेटा पतसंस्थेच्या मालकीचा आहे हे करारात लिहिलंय का बघा. नसेल तर संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव करून कंपनीला लेखी पत्र द्या आणि डंप दर महिन्याला मागा, सोडून जातानाच नाही. चांगले सेवा देणारे नाहीत असं नाही, आपल्याकडे नाशिकची ईएसडीएस २००५ पासून या धंद्यात आहे आणि सहकारी बँका तिच्या गिऱ्हाइकांत आहेत, पण कंपनी कितीही नावाची असली तरी आपली एक प्रत दुसरीकडे लागतेच. मे २०२४ ला ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचा गूगल क्लाउडवरचा एक अख्खा प्रायव्हेट क्लाउडच (फंडापुरता राखलेला सर्व्हरांचा संच) डिलीट झाला, सेटअप करताना एक रकाना रिकामा राहिला होता आणि सिस्टीमने वर्षाची मुदत धरून मुदत संपल्यावर पुसून टाकलं. फंडाची प्रत दोन ठिकाणी होती, दोन्हीकडची गेली. सहा लाखांवर सभासदांना आठवडाभर आपलं खातं बघता येईना. फंडाने दुसऱ्या कंपनीकडेही बॅकअप ठेवले होते, परत उभं राहायला त्यांचा फार उपयोग झाला.

बदलायचंच ठरलं तर ३१ मार्चच्या तोंडावर अजिबात नको, ऑडिट उरकल्यावर करा आणि महिनाभर दोन्ही सिस्टीम बरोबर चालवून रोजचं क्लोजिंग जुळवा. क्लार्क लोक कुरकुर करतील, करू द्या. आणि कराराचं शेवटचं पान आजच काढून बघा, बऱ्याच ठिकाणी तीन महिने आधी नोटीस दिली नाही तर आपोआप वर्षभराचं रिन्यूअल होतं.