इंडिया ट्रिपमध्येच चष्मा घालवून यावं का?

न्यू जर्सीच्या एका ताईंनी विचारलंय, वय ३९, नंबर मायनस पाच, डिसेंबरमध्ये भाच्याच्या लग्नासाठी तीन आठवडे पुण्याला जातेय तर तिथेच लेझर उरकून घेऊ का, स्वस्तही पडेल.

ताई, पुण्यात चांगले डॉक्टर आहेत, मशिनंही तीच, त्याची काळजी नको. ऑपरेशन काय, अर्ध्या तासाच्या आत दोन्ही डोळे होतात, खरी गोची नंतरची. दुसऱ्या दिवशी चेकअप, मग आठवड्याने, महिन्याने, पुढेही, आणि तोवर तुम्ही परत कामावर रुजू. डोळे बऱ्याच जणांचे कोरडे पडतात, काहींचे सहा महिनेसुद्धा, त्यात तिकडचा हिवाळा आणि घरात सतत हीटर. म्हणून तिकीट काढायच्या आधी न्यू जर्सीतल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा की दुसरीकडच्या ऑपरेशनचं फॉलोअप बघाल का, नाही म्हणाले तर स्वस्ताईचा हिशोब तिथेच संपला.

तपासणी तरी निघायच्या आधी तिकडेच करा. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स साधारण दोन आठवडे आधी बंद ठेवाव्या लागतात, हार्ड असतील तर आणखी जास्त, नाहीतर मापं चुकतात, आणि हे पुण्यात उतरल्यावर कळलं तर निम्मी सुट्टी त्यातच जाणार. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ निघाला किंवा केराटोकोनसची (तो पडदा पातळ होऊन पुढे फुगण्याचा आजार) शंका आली तर लेसिकचा, म्हणजे या लेझर ऑपरेशनचा, विषयच मिटला. सगळं ठीक असेल तर पहिल्याच आठवड्यात करा, मात्र लग्नात काजळ-आयलायनर विसरा आणि हळदीला कोणी तोंडाला हळद फासायला आलं तर सरळ पळ काढा.

आता तुमच्या वयाचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चाळिशी आली की जवळचं दिसायला त्रास होतोच, लेझर केलं तरी. आज तुम्ही चष्मा काढून औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचता ना, ती सोय लेझरनंतर जाते, दोन-चार वर्षांत वाचायचा चष्मा लागणारच. एक डोळा लांबचा, एक जवळचा असंही करतात, मोनोव्हिजन म्हणतात त्याला, पण सगळ्यांना ते झेपत नाही, आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून थोडे दिवस तसं राहून बघा, गाडी चालवताना कसं वाटतं ते तर बघाच.

पैशाचं म्हणाल तर अमेरिकेत इन्शुरन्स सहसा देत नाही पण एफएसए, एचएसए या औषधोपचारासाठी टॅक्सविना पैसे बाजूला ठेवायच्या खात्यांतले पैसे चालतात, म्हणजे टॅक्स वाचतो, मग हिशोब करताना तेही धरा.

आणि कुठेही केलंत तरी ऑपरेशनआधीच्या मापांचा रिपोर्ट पीडीएफमध्ये मागून घ्या, पुढे मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा नंबर काढायला डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.