सुगंधी तपकीर ओढल्यावर नेमकं काय वाटतं? पूर्वी ती खरंच औषध म्हणून वापरत का?

तपकीर ओढल्यावर काय होतं, जुनी माणसं ती सर्दी-डोकेदुखीवर औषध म्हणून घेत हे खरं का, आणि एकदा ओढून पाहायला हरकत आहे का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी मद्रासी, केवड्याची आणि मेंथॉलची तपकीर ओढून पाहिली आहे. शिवाय माझे आजोबा जन्मभर तपकीर ओढत, त्यामुळे ही सवय रोजच्या जगण्यात कशी मुरते ते मी घरातच पाहिलं. माझं मत आधीच सांगते. सुगंधी तपकिरीत वास अत्तराचा असतो, पण काम तंबाखूच करते. आणि तपकिरीला मिळालेलं औषधाचं नाव बरंचसं दुसऱ्याच चूर्णांच्या जिवावर मिळालेलं आहे.

तपकीर म्हणजे तंबाखूची पानं वाळवून, मुरवून, कुटून केलेली वस्त्रगाळ पूड. युरोपातली बरीचशी तपकीर दमट आणि जाडसर असते. आपल्याकडची कोरडी आणि फार बारीक असते, डबी उघडताना हात हलला तरी उडते. काही प्रकारांत चुना किंवा तसलाच क्षार घालतात. क्षार मिसळला की तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि नाकाच्या ओल्या अस्तरातून झटकन रक्तात उतरतं. म्हणून चिमूट एवढीशी असली तरी तिचा जोर मोठा असतो.

सुगंधाचा भाग मला मनापासून आवडतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. केवडा, गुलाब, वाळा, चंदन, मोगरा हे आपल्याकडचे ठरलेले वास. उत्तम केवडा ओडिशातल्या गंजाम जिल्ह्याचा. तिथे समुद्राकाठच्या पट्ट्यात केवड्याची बनं आहेत आणि कणसं काढली की ती लगेच भट्टीवर चढवावी लागतात. अत्तराचं मोठं गाव उत्तर प्रदेशातलं कनौज. तिथे अजूनही तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालून, झाकण मातीनं लिंपून, खाली शेणी-लाकडाचा जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात ठेवलेल्या भपक्यात, म्हणजे अत्तर गोळा करायच्या भांड्यात उतरते आणि भपक्यातल्या चंदनाच्या तेलात मुरते. एवढ्या निगुतीनं काढलेल्या अत्तराचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आज अत्तर लावणारा माणूस नाही. पानमसाला, जर्दा आणि तंबाखूचे कारखाने ते उचलतात. मला याचं फार वाईट वाटतं. तंबाखूचा उग्र दर्प झाकायला जे वापरतात, ते स्वतः मात्र आपल्या देशातल्या सुंदर वस्तूंपैकी एक आहे. स्वस्त तपकिरीत अर्थातच खरं अत्तर नसतं, कृत्रिम सुवास असतो. दुसरा गट औषधी वासांचा. त्यात मेंथॉल, कापूर, निलगिरी, लवंग येतात.

आता ओढल्यावर काय होतं ते. डबी उघडली की आधी फक्त वास येतो आणि तो खरोखर छान असतो. केवड्याची तपकीर हुंगताना देवघरातली फुलं आठवावीत इतका. चिमूट नाकपुडीशी नेऊन हलका श्वास घेतला की पुढच्याच क्षणी वास मागे पडतो आणि नाकात आग होते. डोळ्यांत पाणी येतं. मग शिंका, एकीमागून एक. अनुभवी माणूस शिंकत नाही. नाकाचं अस्तर सरावलेलं असतं आणि चिमूट किती आत जाऊ द्यायची हे त्याच्या हाताला माहीत असतं. नवखा माणूस सर्दीत नाक ओढतो तसा जोरानं ओढतो, मग पूड घशात उतरते, ठसका लागतो आणि कडू, जळजळीत पाणी घशामागून खाली येत राहतं.

शिंका थांबल्यावर काही मिनिटांत निकोटिन चढतं. डोकं हलकं झाल्यासारखं वाटतं, छातीत धडधडतं, तळव्यांना घाम येतो. तंबाखूची सवय नसेल तर भोवळ आणि मळमळ हमखास. मला मद्रासी तपकिरीनं गरगरलं होतं आणि बराच वेळ भिंतीला टेकून बसावं लागलं. केवड्याची त्यापेक्षा सौम्य लागली, पण सुवास जेमतेम सुरुवातीलाच जाणवतो, नंतर उरतो तो ओल्या तंबाखूचा वास, नाकात आणि बोटांवरही.

मेंथॉलच्या तपकिरीबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण ‘नाक मोकळं होतं’ हे बहुतेक लोक तिच्याबद्दलच म्हणतात. गारवा जाणवणाऱ्या मज्जातंतूंना मेंथॉल चेतवतं, त्यामुळे नाकातून भरपूर हवा आत जातेय असं वाटतं. प्रत्यक्षात नाकातली सूज तेवढीच असते आणि हवेची वाटही तेवढीच अरुंद राहते. शिंकांनी शेंबूड बाहेर पडतो, तेवढा आराम खरा. पण तंबाखूची पूड अस्तराला पुन्हा डिवचते, नाक पुन्हा वाहतं आणि माणूस पुन्हा चिमूट घेतो. आजोबांचं पडसं बाराही महिने असायचं आणि ते म्हणायचे, पडशासाठीच तर तपकीर लागते.

ही सवय आपल्याकडे इतकी का रुजली, याची कारणं औषधात कमी आणि जगण्याच्या रीतीत जास्त आहेत. तंबाखू मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर इथे आली. १६०४ च्या सुमारास असद बेग नावाच्या सरदारानं विजापुराहून तंबाखू आणि ती ओढायची नळी अकबराच्या दरबारात नेली. बादशहानं झुरके घेतले आणि हकिमानं हरकत घेतली. पुढे १६१७ मध्ये जहांगीरानं तंबाखूवर बंदी घातली, तरी ती पसरायची थांबली नाही. चिलीम आणि हुक्का यांना विस्तव लागतो, धूर होतो आणि एकाच्या तोंडचं दुसऱ्यानं घ्यावं लागतं. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरात उष्ट्याची ही अडचण मोठी होती. तपकिरीत तोंडाचा संबंधच नाही, थुंकावं लागत नाही, धूर नाही. डबी पुढे करायची, समोरच्यानं आपली चिमूट घ्यायची. म्हणून शास्त्री-पंडितांत, भिक्षुकांत, मास्तरांत ती चालली. बंगाली पंडितांची नस्यि, म्हणजे तपकीरच, अशीच प्रसिद्ध. जिथे काडी ओढणं धोक्याचं किंवा मना, अशा कामाच्या जागीही ती सोयीची पडे. रात्री जागायला, पोथी वाचताना डुलकी येऊ नये म्हणूनही घेत. निकोटिन उत्तेजक आहे, त्यामुळे या उपयोगात तथ्य आहे.

व्यापारही मोठा होता. बनारसला हिंदी कवी जयशंकर प्रसाद यांचं घराणं तंबाखू आणि तपकिरीच्या व्यापारावर इतकं नावाजलेलं की लोक त्यांना ‘सुंघनी साहू’ म्हणत. तमिळनाडूत तपकीर केळीच्या सुक्या सोपटात बांधून देत. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे. आज तिथे दिवे, वायरी आणि इलेक्ट्रॉनिक सामान घ्यायला गर्दी होते.

आता औषधाचं. नाकावाटे औषध देण्याची आयुर्वेदातली परंपरा खरी आहे आणि जुनी आहे. पंचकर्मांपैकी नस्य हे एक कर्म. नाक हे डोक्याचं दार, असं आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट यानं म्हटलेलं आहे, आणि मानेच्या वरच्या दुखण्यांसाठी नस्याला मोठं स्थान आहे. त्यात अणुतेलासारखी तेलं येतात, तुपं येतात, पानांचे रस येतात. कोरडं चूर्ण नाकात फुंकण्याचा प्रकारही आहे, त्याला प्रधमन नस्य म्हणतात. कफ दाटलेला असताना किंवा माणूस शुद्धीवर नसताना पिंपळी, वेखंड अशा तीक्ष्ण द्रव्यांचं चूर्ण फुंकत. कायफळाच्या सालीची पूड हुंगली की सटासट शिंका येतात. नाकशिंकणी नावाची ओलसर जागी उगवणारी बारकी वनस्पती आहे, ती नावाप्रमाणे वागते. डोकं जड झालं, पडसं कोंडलं, की घरोघर हे उपाय करत.

या सगळ्यात तंबाखू कुठेही नाही. चरक-वाग्भटांच्या काळी ती भारतात नव्हतीच. ती आली ती पूड नाकात घ्यायची सवय आणि त्यावरचा विश्वास दोन्ही तयार असलेल्या समाजात, आणि शिंका तिनंही येत होत्या. जुन्या नस्याची पुण्याई तिला आयती मिळाली. कोणी ‘आयुर्वेदिक तपकीर’ म्हणून डबी पुढे केली तर आधी त्यात तंबाखू आहे का हे विचारा. असेल तर तिला आयुर्वेदाचं नाव लावणं मला मान्य नाही. अर्धशिशीवर तपकीर हाही असाच समज. जोराची शिंक आणि निकोटिनची झिंग यांनी लक्ष क्षणभर दुखण्यावरून हटतं. शिवाय रोज ओढणाऱ्याचं डोकं चिमूट मिळाली नाही म्हणूनच दुखतं आणि ती मिळाली की थांबतं. त्याला वाटतं औषध लागू पडलं.

दाताला लावण्याचं थोडक्यात. तपकीर आणि मशेरी या वेगळ्या वस्तू. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. महाराष्ट्रात आणि गोव्यात, मुख्यतः बायका, ती दातांना लावतात. तपकीरही काहीजणी तशीच लावतात. गुजरातेत यासाठी बजर असते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ मध्ये बंदी केली, कारण लोक लतीला दातांची निगा समजत होते. हिरड्या बधिर होतात म्हणून ठणका थांबल्यासारखा वाटतो आणि कीड आत तशीच वाढत राहते.

आणि धोका. लंडनमध्ये जॉन हिल नावाच्या वैद्यानं १७६१ सालीच, जास्त तपकीर ओढणाऱ्यांच्या नाकात वाढणाऱ्या गाठींबद्दल लिहून ठेवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था धुराविना घेतल्या जाणाऱ्या तंबाखूला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवते. धूर नाही म्हणून फुप्फुसं वाचतात, हे खरं. पण लत तीच लागते, रक्तदाब आणि नाडी तशीच वाढते. आपल्या २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या यादीतही तपकिरीचं नाव आहे. १८ वर्षांखालच्या कोणाला ती विकता येत नाही, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आतही विकता येत नाही.

आजोबांना तपकिरीनं कर्करोग झाला नाही. पण वास घेण्याची त्यांची शक्ती हळूहळू गेली. शेवटच्या वर्षांत दूध करपलं तरी त्यांना कळत नसे आणि आंबेमोहोराचा भात पानात आला तरी तो रोजच्यासारखाच लागे. ज्या माणसानं मला वाळ्याचा आणि मरव्याचा वास डोळे मिटून ओळखायला शिकवलं, त्याचं हे व्हावं याचं मला आजही दुःख आहे. उपरण्यावरचे डाग सोड्यात उकळून निघायचे, हे काही परत आलं नाही.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नको’ असं आहे. एका चिमटीनं कोणाला लत लागत नाही, हे मलाही माहीत आहे. पण तुम्ही लिहिलंय की तुम्हाला सुगंधाचं कुतूहल आहे आणि नाक वरचेवर चोंदतं. या दोन्हींपैकी एकही गोष्ट तपकिरीनं साधत नाही. तरीही ओढायचीच असं ठरलं असेल, तर दम्याचा, रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असताना आणि गरोदरपणी मुळीच नको. रिकाम्या पोटी नको. घ्याल ती मोहरीएवढी, आणि श्वास फूल हुंगताना घेतो तेवढाच हलका. आग सहन झाली नाही तर नाक शिंकरून कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा. त्यासाठी पाणी आधी उकळून निववलेलं हवं, थेट नळाचं नको. लहान मूल घरात असेल तर डबी आणूच नका. गोड वासाची पूड मूल तोंडात घालतं आणि निकोटिनची विषबाधा लहानग्यांत फार लवकर होते.

सुगंधासाठी अत्तरवाल्याकडे जा आणि गंजामचा केवडा किंवा वाळ्याचं अत्तर मागा. अगदी छोटी कुपीही मिळते. मनगटावर लावून दिवसभर हुंगा, कारण खरं अत्तर तासातासानं बदलत जातं आणि तपकिरीत ते कधीच कळत नाही. चोंदलेल्या नाकासाठी आधी वाफ आणि मिठाचं पाणी. नस्य करून घ्यायचं असेल तर शिकलेल्या वैद्याकडे जा, तुमच्या प्रकृतीला कोणतं तेल चालेल ते तोच पाहील. आणि नाक सलग काही आठवडे बंद राहत असेल, एकाच बाजूनं चोंदत असेल किंवा रक्त येत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.