मुलगी कविता करते, म्हणजे काही बिनसलंय का?

"मॅडम, ती हल्ली कविता करते." पालक हे सांगताना आवाज खाली आणतात. समुपदेशक म्हणून हे इतक्यांदा ऐकलंय, की ओळखीच्या खुणा बदलून एक अनुभव लिहितेच.

बारावीतल्या मुलीची आई आली, ती पर्समध्ये लेकीची वही घेऊनच. "बघा, सगळीकडे अंधार, विहीर, एकटं. डिप्रेशन तर नाही ना?"

मी वही उघडली नाही. "ती दाखवेल तेव्हा बघू. आणि न विचारता घेतली होती, हे तिला सांगून परत द्या." आईंना ते रुचलं नाही, पण त्यांनी ते केलं.

मुलीशी एकटीशी बोलताना आधी झोप, भूक, मैत्रिणींची चौकशी केली. मग सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही; उलट बोलायला वाट मिळते.

"नाही. पण लिहिलं नाही तर छातीत गच्च होतं."

तिसऱ्या भेटीत वही तिनेच समोर ठेवली. एका ओळीत 'दुःख' खोडलेलं, त्यावर 'उदास' खोडलेलं, मग 'एकटेपण', तेही खोडलेलं. शेवटी उरला होता 'उकाडा'.

"का खोडलंस?"

"दुःख खोटं वाटत होतं. तेवढं मोठं नव्हतंच ते. पाऊस येईल येईल वाटतं आणि येत नाही, तसं होतं."

त्या पानावर मी बराच वेळ थांबले. आईंना अंधार दिसला होता, मला खाडाखोड दिसली. नुसतं 'कसंतरीच होतंय' माणसाला घेरून टाकतं. त्याला नेमका शब्द सापडला की ते समोर ठेवून बघता येतं. माझ्या कामाचा सगळा भर यावरच आहे. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेलं लिहायला लावलं. लिहिल्या लिहिल्या मुलं जास्त खिन्न झाली, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या साध्या विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा कमी झाल्या. म्हणून लिहून उठलेल्या मुलीचा उतरलेला चेहरा बघून घाबरू नका.

"आणि दुसऱ्यांच्या कविता का वाचतेस?"

"माझ्याआधी कुणीतरी तिथे जाऊन आलंय असं वाटतं."

हे तिच्या परवानगीने आईंना सांगितलं. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "माझी आई जात्यावर बसली की सासरचं सगळं ओवीत म्हणायची. समोर माझी आजी, म्हणजे तिची सासूच, खुंटा धरून असायची. तिने कधी राग धरला नाही."

तेच तर! ओवीत सांगितलेलं सांगितलंही जातं आणि झाकलंही जातं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी शेतात आणि जात्यावर त्यांना गाणी सुचली. ही गरज अक्षरांहून जुनी आहे.

म्हणून वही चोरून वाचू नका. "कुणासाठी लिहिलीस?" विचारू नका, पाहुण्यांपुढे म्हणायला लावू नका. मात्र झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल, लिहिण्यातलीही गोडी गेली असेल किंवा निरोपाची भाषा येत असेल, तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

शेवटच्या भेटीला दोघी एकत्र आल्या. लेकीला आजीची ओवी वहीत उतरवायची होती, पण आईंना शेवटचा चरण आठवेना. माझ्यासमोरच त्यांनी मावशीला फोन लावला.