सीनियर डेव्हलपर घ्या, पण ऑटोपेला लगेच हात लावू देऊ नका

तुमचा प्रश्न वाचला आणि २०२२ चा एप्रिल डोळ्यांसमोर उभा राहिला. तुमचे मुलुंडला डाएट डब्याचे २६० सबस्क्राइबर, साइट कॉलेजच्या मुलाने बनवलेली, रोज रात्री एक्सेलची यादी हाताने दुरुस्त करायची, आणि आता ‘दहा वर्षं अनुभवाचा सीनियर घेऊ का, रिअ‍ॅक्टवाला (साइट बनवायच्या त्या साधनाचा जाणकार) घेऊ की दुसरा कोणी’. अगदी ह्याच जागी आम्ही होतो. आमचा डब्यांचा गाळा परळला. किचन माझी जाऊ बघते, बाकी सगळं माझ्याकडे. तेव्हा आमचे ४१२ सबस्क्राइबर होते.

रिअ‍ॅक्ट की आणखी काही, ह्याने आमचं कधी काही अडलं नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. जाहिरात कुठे द्यायची, बायोडेटा कसे चाळायचे हे तुम्हाला माहीत असेलच. पगाराचा आकडाही देत नाही, माझा आता जुना झाला. मला एकच गोष्ट जीव तोडून सांगायची आहे: नवा माणूस कितीही सीनियर असो, पहिले तीन महिने पैसे वसूल होतात त्या भागाला त्याचा हात लागू देऊ नका.

आम्ही घेतलेला माणूस मोठ्या कंपनीतून आलेला, अकरा वर्षांचा अनुभव, स्वभावाने सज्जन. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला की जुना कोड टाकून द्यायच्या लायकीचा आहे, नव्याने लिहू. सोबत गेटवेही, म्हणजे ग्राहकांचे ऑनलाइन पैसे वसूल करून देणारी कंपनीही, बदलू, नव्याचं कमिशन कमी आहे. मी दादरला फुलबाजाराच्या बाहेर उभी होते, फोनवरच ‘चालेल’ म्हणाले. माझी सगळ्यात मोठी चूक ती. दोन मिनिटांच्या त्या फोनवर मी एकही प्रश्न विचारला नाही.

शनिवारी रात्री नवी सिस्टिम चालू झाली. सोमवारी पहाटे ४.३५ ला जावेचा फोन आला, ‘अगं, यादी कोरी आलीये. आज एकही डबा नाही का?’ पीठ मळून झालेलं, मुगाची उसळ शिजत टाकलेली, आणि प्रिंटरमधून नुसता मथळा असलेला कागद. झालं असं होतं की सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतो, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. आपल्याकडे सोमवारची पहाट साडेचार, तेव्हा सर्व्हरवर रविवारचे रात्रीचे अकरा. रविवारी आमचं किचन बंद, म्हणून यादी रिकामी. जावेने जुन्या वहीतून आणि आठवणीतून त्या दिवशीचे डबे काढले. तेवीस चुकले.

ते दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालं. खरा फटका २८ एप्रिलला बसला.

आमचे बहुतेक ग्राहक यूपीआय ऑटोपेवर होते. ग्राहक एकदा पिन टाकून मँडेट, म्हणजे पैसे कापायची कायमची परवानगी, देतो, मग दर महिन्याला पैसे आपोआप येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. मे महिन्याच्या सूचना पाठवायला बसलो तर नव्या गेटवेवर चालू मँडेट शून्य. आमचे मँडेट जुन्या गेटवेवर होते आणि ते नव्याकडे आले नाहीत. प्रत्येकाकडून नव्याने परवानगी घेणं भाग होतं. त्यात जुनं खातं बंद करायचा अर्ज आमच्या माणसाने आधीच टाकलेला, दोन ठिकाणी पैसे कशाला भरायचे म्हणून.

आम्ही सगळ्यांना लिंक पाठवल्या. लोकांना वाटलं फसवणूक आहे. त्यांचं काय चुकलं? अनोळखी लिंकवर पिन टाकू नका असं बँकाच रोज सांगतात. शिवाजी पार्कच्या एका आजींचे पैसे त्यांचा मुलगा पुण्याहून भरायचा. त्याने मला फोन करून आधी दहा प्रश्न विचारले, मग परवानगी दिली. इतका विचार करणारे थोडे. बाकीच्यांनी मेसेज नुसता सोडून दिला. मेअखेर ४१२ चे २४१ राहिले. जेवणावर नाराज होऊन गेलेला त्यात एकही नव्हता.

जुन्या गेटवेच्या मदत कक्षाचं नाव घेत नाही. निदान दोन महिने खातं चालू ठेवा, एवढंच मागत होतो. एकोणीस दिवसांत अकरा उत्तरं आली आणि अकराच्या अकरा तीच: ‘आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे.’ तो संबंधित विभाग कुठे बसतो ते मला आजतागायत कळलेलं नाही. फोन लावला की तिकीट नंबर विचारायचे, तिकीट नंबर दिला की ईमेल करा म्हणायचे. खातं बंद होण्याच्या रांगेत लागलं म्हणून आमचे आधीचे जमा पैसेही अडकले. भाजीवाल्याचे पंधरा दिवस थकले. तो बिचारा काही बोलला नाही, पण आमचा माल शेवटच्या फेरीला यायला लागला. मेथीच्या जुड्या पिवळ्या, गवार जून. चव उतरली आणि उरलेल्या ग्राहकांच्याही तक्रारी सुरू झाल्या. एवढं सगळं पाव टक्का कमिशन वाचवायला.

त्या माणसाला मी आजही वाईट म्हणत नाही. त्याचा कोड नीटनेटका होता. पण त्याच्या कंपनीत पैशांचं दुसरी टीम बघायची आणि त्याने लिहिलेलं बिघडलं तर पहाटे कोणी उपाशी राहत नव्हतं. सात महिन्यांनी तो गेला.

नंतर आलेली मुलगी डोंबिवलीची, अनुभव सहा वर्षं, पण घरपोच दुधाच्या छोट्या कंपनीत काम केलेली. मुलाखतीत मी कोड लिहायला सांगितलाच नाही. विचारलं, ‘आमची यादी पहाटे साडेचारला निघते आणि सोमवारी कोरी आली, काय झालं असेल?’ तिने कागदावर ५.३० लिहिलं आणि माझ्याकडे बघून हसली. मग तिनेच विचारलं, ‘ग्राहकाने काही दिवस डबा पॉज केला की तुम्ही पैसे परत देता का दिवस पुढे ढकलता? आणि रात्री किती वाजेपर्यंत पॉज चालतं?’ हे कुठे लिहूनच ठेवलेलं नव्हतं. मी एक सांगायचे, जाऊ एक सांगायची. माझ्या मते सीनियर तो, ज्याच्या प्रश्नांमुळे तुमच्याच धंद्यातली भोकं तुम्हाला दिसतात. वर्षं मोजून ते कळत नाही.

ती पहिले दोन दिवस पहाटे पाचला गाळ्यावर येऊन नुसती उभी राहिली. तीन आठवडे जुनी आणि नवी यादी शेजारी शेजारी छापली, फरक लाल पेनाने खुणावला. पहिलं काम केलं ते डब्यांच्या खातेवहीचं. आधी ग्राहकापुढे ‘शिल्लक १७’ एवढा एकच आकडा असायचा, तोच रोज बदलायचा. कोणी भांडायला आलं की दाखवायला काही नाही. आता प्रत्येक डब्याची नोंद वेगळी: दिला, पॉज, आमच्याकडून चुकला, पावसामुळे सगळ्यांचा पुढे ढकलला. लोकल बंद पडतात त्या दिवसासाठी सगळ्यांचे डबे एकदम पुढे ढकलायचं हे शेवटचं बटण मागून घ्याच.

उपवासाच्या डब्यांचंही आताच सांगून ठेवते. श्रावणी सोमवार, एकादशी, अंगारकी ह्यांच्या तारखा दर वर्षी पंचांग बघून हाताने भरा. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि आमच्याकडे अधिकातल्या सोमवारीही लोकांना साबुदाण्याची खिचडी गेली.

तुमच्याकडचा ऑटोपे तपासताना रकमेची मर्यादाही बघा. पिन किंवा ओटीपीशिवाय आपोआप कापता येणारी रक्कम आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. आमचा एका माणसाचा प्लॅन ४,६८०, दोघांचा ९,३६०, म्हणजे दोघांच्या प्लॅनला तोवर दर महिन्याला ग्राहकाची मंजुरी लागायची. अशा मर्यादा बदलत असतात, म्हणून आजचा आकडा तुमच्या गेटवेकडून लेखी घ्या.

आता कराराचं. मी वकील नाही, हे आमच्या वकिलीणबाईंनी समजावलं तसं सांगते. नोकरीवरच्या माणसाने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचा. फ्रीलान्सरचं तसं नाही. त्याने लिहिलेल्याचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो, लेखी करून घेतला तरच तुमच्याकडे येतो. आणि त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार तो हक्क पाचच वर्षांपुरता मिळाला असं धरतात. तुमच्या कॉलेजच्या मुलाकडून असा कागद झालाय का? नसेल तर गोडीगुलाबीने आत्ताच करून घ्या, त्याचे काही पैसे राहिले असतील तर देऊन. आणि त्याला काढू नका. कोडमध्ये एखादी गोष्ट विचित्र का आहे ते फक्त त्यालाच माहीत असतं. आमचा जुना कोड लिहिणाऱ्या मुलाला आम्ही जाऊ दिलं, आणि मँडेटचं तो एका वाक्यात सांगू शकला असता.

माझं स्पष्ट मत, पटलं नाही तर सोडून द्या: २६० डब्यांवर पूर्णवेळ सीनियर परवडत नाही. आठवड्यातले दोन दिवस अनुभवी माणूस आणि रोजच्या कामाला हाच मुलगा, एवढं पुरेल. पूर्णवेळच हवा असेल तर मोठ्या कंपन्यांतला तीन महिन्यांचा नोटीस पीरियड लक्षात घ्या. हो म्हणालेला माणूस त्या तीन महिन्यांत दुसरीकडे जातो. आमचे दोन असेच गेले.

जाहिरात टाकायच्या आधी एवढं बघून इथे कळवा: तुमचे मँडेट कोणत्या गेटवेवर आहेत, ते खातं कोणाच्या पॅनवर आहे, आणि लॉगिनचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो. तो त्या मुलाच्या नंबरवर येत असेल तर आज रात्रीच बदलून घ्या, बाकीचं मी उद्या सविस्तर लिहिते.