स्टेशनाबाहेर सायकल स्टँड करायचाय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कुडचडे स्टेशनाजवळ वीस सायकलींचा स्टँड करावा, त्याने बाजारही थोडा हलेल, असा आमच्या मंडळाचा विचार आहे. फॅब्रिकेटर चाक अडकवायच्या खाचांची जाळी स्वस्तात द्यायला तयार आहे. घ्यावी का? – एक वाचक, कुडचडे (गोवा)

उत्तर : घेऊ नका. खाच फक्त चाक धरते. शेजारच्याचा धक्का लागला की सायकल कलते आणि रिम वाकडी होते. कुलूपही चाकालाच लागतं. चोर नट सोडून चाक तिथेच ठेवतो, बाकीची सायकल नेतो.

त्यापेक्षा उलट्या 'यू'सारखे वाकवलेले पाइप रोवा. एका पाइपाला दोन्ही बाजूंनी एकेक सायकल टेकते आणि फ्रेम व चाक एकाच साखळीत येतात. म्हणजे वीस सायकलींना दहा पाइप. दीड इंची बी क्लास (मध्यम जाडीचा) जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप घ्या. जमिनीवर उंची 75 सेंमी, रुंदी 75 सेंमी आणि प्रत्येक पाय 30 सेंमी जमिनीत. एकाला साधारण पावणेतीन मीटर पाइप लागतो, म्हणून सहा मीटरच्या पाच लांब्यांत काम होतं. कोपरे बेंडरवर वाकवून घ्या. कापून वेल्डिंग केलं तर तिथला जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच लागतो. प्रत्येक पायाच्या तळाशी छोटी आडवी सळी मात्र वेल्ड करा. ती काँक्रीटमध्ये गाडली जाते आणि पाइप उपटता येत नाही.

प्रत्येक पायाला खड्डा 30 बाय 30 आणि 40 सेंमी खोल, काँक्रीट 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, खडी). वरचा थर पाइपाभोवती थोडा उंच ठेवून बाहेर उतरता करा. इथेच बहुतेक जण चुकतात. सपाट ठेवला की पाइपाच्या बुंध्याशी पाणी साचतं आणि गोव्याच्या तीन हजार मिमी पावसात नेमका जमिनीलगतचा भाग कुजतो. वरचा पाइप तेव्हाही चकाचक दिसत असतो!

दोन पाइपांत एक मीटर अंतर ठेवा. जागा वाचवायला साठ सेंमी केलं तर हँडल एकमेकांत अडकतात, लोक एकच बाजू वापरतात आणि पाइप वाढवूनही सायकली तेवढ्याच राहतात. टोकाच्या पाइपाला दीड मीटर मोकळं सोडा, पोदेराची (पाववाल्याची) पाटीवाली सायकल तिथे बसते. एका मोटारीच्या अडीच बाय पाच मीटर जागेत असे पाच पाइप, म्हणजे दहा सायकली मावतात. नगरपालिकेत हाच हिशेब मांडा.

बाजाराचं म्हणाल तर नुसत्या पाइपांनी काही होत नाही. स्टँड स्टेशनातून बाजारात जायच्या वाटेवरच हवा. पार्किंगच्या मागे नेलात तर लोक सायकली कठड्यालाच बांधतील. तोंडाशी पंक्चरवाल्याला जागा द्या, भाडं घेऊ नका. सकाळी सोडलेली सायकल संध्याकाळी ब्रेक-शू बदलून मिळते, त्याचा धंदा होतो आणि दिवसभर स्टँडवर नजर राहते. पिशवी हँडलला अडकवणारा एकदम मोठी खरेदी करत नाही, पण नुस्तें (मासे), भाजी, पाव यांसाठी रोज थांबतो. मोटारसायकल पायलटांची (दुचाकी टॅक्सीवाल्यांची) जागा मात्र घेऊ नका, आधी त्यांच्याशी बोला.

प्रश्न : छप्पर लागेलच का? – एक वाचक, थिवी

उत्तर : लागेल. वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्या बाजूची वळचण 90 सेंमी पुढे काढा. बाजू पत्र्याने बंद करू नका. आतलं बाहेरून दिसलं नाही की चोरांचं फावतं. जागा रेल्वेची असेल तर विभागीय कार्यालयाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय खड्डासुद्धा खणू नका.

प्रश्न : बेवारस सायकलींनीच स्टँड भरला तर? – एक वाचक, कुळे

उत्तर : भरतोच. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त स्टेशनाखाली 12,500 सायकलींची सोय आहे. तिथे पहिले 24 तास फुकट, पुढे पैसे. त्यामुळे सायकली पडून राहत नाहीत. आपल्याकडे महिन्यातून एकदा प्रत्येक सायकलीच्या मागच्या चाकाची आरी आणि फ्रेम एकत्र गुंफून तारखेची चिठ्ठी बांधा. चाक फिरलं की चिठ्ठी तुटते किंवा सुटते. पुढच्या महिन्यात जिची शाबूत असेल तिचा फोटो काढून फलकावर पंधरा दिवसांची सूचना लावा, मग सायकल पोलिसांच्या ताब्यात द्या. परस्पर विकायची नाही.