अमेरिकेच्या व्हिसाचा फोटो घरीच काढ, जमतं

आईबाबांचा डीएस-१६०, म्हणजे अमेरिकेच्या व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, पहिल्यांदाच भरतोयस ना, मग फोटोचं टेन्शन घेऊ नकोस, मोबाइलवर मस्त निघतो. फक्त सेल्फी नको, दुसऱ्या कुणीतरी चार-पाच फुटांवरून काढायचा, मागे पांढरी भिंत, आणि माणूस भिंतीला चिकटून नको, दोन पावलं पुढे उभा कर नाहीतर मागे सावली पडते, आणि नवीन लोकांची गाडी बहुतेक तिथेच अडते. खिडकीकडे तोंड, फ्लॅश बंद.

एवढं लक्षात ठेव:
- चौरस, ६०० बाय ६०० ते १२०० बाय १२०० पिक्सेल
- जेपीईजी, २४० केबीच्या आत
- हनुवटी ते डोक्याचा वरचा भाग, फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्के
- गेल्या ६ महिन्यांतला

चष्मा काढायचाच, नोव्हेंबर २०१६ पासून चालत नाही, बाबा कितीही कुरकुरले तरी. आईला पांढरी साडी नको, बॅकग्राउंडमध्ये मिसळते, टिकली राहू दे.

ब्यूटी मोड मात्र आधी बंद कर. स्टुडिओत गेलास तरी आधीच सांग, दादा गोरंबिरं करू नका, सुरकुत्या पुसू नका, कारण चेहऱ्यात केलेला बदल चालत नाही आणि आपल्याकडे न विचारता करून देतात!! पासपोर्ट साइजचा जुना फोटो कापून चौरस करायच्या भानगडीत पडू नकोस, डोकं मोठं येतं. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नकोस, क्वालिटी जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठव.

पिक्सेल-बिक्सेलचं बाकी सगळं नंतर, आधी चार-पाच फोटो काढून तर बघ.