वाचकांचे प्रश्न : यूएसबी उपकरण दिसतं, पण बोलत नाही

प्रश्न : लिनक्सवर लिबयूएसबी (प्रोग्राममधून यूएसबी उपकरणांशी बोलायची लायब्ररी) वापरून एका मोजमाप यंत्राचा प्रोग्राम सी-मध्ये लिहिला आहे. सुडो (रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून आज्ञा चालवायची सोय) लावून चालवला की नीट चालतो, एरवी उपकरण उघडतानाच उणे ३ देतो. कायम सुडोच वापरायचा का?

उत्तर : अजिबात नको. उणे ३ म्हणजे परवानगी नाही, एवढंच. तुमच्या कोडमध्ये दोष नाही. प्रत्येक यूएसबी उपकरणासाठी डेव्ह, बस, यूएसबी या फोल्डरांच्या साखळीत एक फाइल तयार होते आणि बहुधा ती फक्त रूटलाच लिहिता येते. तिच्यावर हाताने चमॉड (फाइलची परवानगी बदलणारी आज्ञा) करून उपयोग नाही, कारण उपकरण काढून परत लावलं की नवा क्रमांक आणि नवी फाइल.

इथे यूडेव्हचा, म्हणजे उपकरण लावताच त्याची फाइल आणि परवानगी ठरवणाऱ्या लिनक्सच्या सेवेचा, नियमच लिहायला हवा. एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारी आज्ञा) चालवलंत की उपकरणाच्या ओळीत कोलनने जोडलेले चार-चार अक्षरांचे दोन आकडे दिसतात. पहिला व्हेंडरचा, दुसरा प्रॉडक्टचा. ईटीसीतल्या यूडेव्हच्या रूल्स फोल्डरात ७०ने सुरू होणारी फाइल करा आणि एकाच ओळीत सबसिस्टिम, व्हेंडर आणि प्रॉडक्ट जुळवून यूअ‍ॅक्सेस हा टॅग जोडा. लोक हमखास अडकतात ते तीन ठिकाणी. अट लिहिताना बरोबरचं चिन्ह दोनदा हवं. व्हेंडर-प्रॉडक्टपुढे ते एकदाच टाकलं तर यूडेव्ह ती अट न मानता मूल्य लिहायची आज्ञा मानतो. या हेक्स (सोळा-आधारी) आकड्यांमधली ए ते एफ ही अक्षरं लोअरकेसच हवीत. आणि फाइलचा क्रमांक ७३च्या आत हवा, कारण या टॅगवरची कारवाई ७३ क्रमांकाच्या फाइलीत होते. मग यूडेव्हअ‍ॅडमने नियम पुन्हा वाचायला लावा आणि उपकरण काढून परत लावा.

प्रोग्राम एसएसएचवरून (नेटवर्कवरून दूरच्या यंत्रावर लॉगिन करून) किंवा सर्व्हिस (पाठीमागे आपोआप चालणारा प्रोग्राम) म्हणून चालणार असेल तर हा टॅग कामाचा नाही. तो फक्त त्या यंत्रासमोर बसून लॉगिन केलेल्यालाच परवानगी देतो. तिथे ग्रुप नेमून मोड ०६६० (मालकाला आणि ग्रुपलाच वाचता-लिहिता येईल असा) ठेवा.

प्रश्न : उपकरण उघडतं, पण इंटरफेस (उपकरणाचा एका कामाचा भाग) क्लेम करताना, म्हणजे ताब्यात घेताना, उणे ६ येतो.

उत्तर : इंटरफेस आधीच कुणीतरी धरून ठेवला आहे. बहुतेक वेळा कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ड्रायव्हर असतो. एलएसयूएसबीला टी हा पर्याय दिलात की त्याचं नाव दिसेल. क्लेम करण्याआधी लिबयूएसबीची ऑटो-डिटॅच (कर्नलचा ड्रायव्हर आपोआप बाजूला करायची) सोय चालू करा. इंटरफेस सोडला की ड्रायव्हर परत जागेवर येतो. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने लिबयूएसबीतूनच तो धरला असेल तर मात्र ही सोय त्याला हुसकावत नाही, तो बंदच करावा लागतो. माउंट केलेल्या पेन ड्राइव्हवर हा प्रयोग करू नका.

जाता जाता एक : ड्रायव्हरचं नाव सीडीसी-एसीएम असेल तर लिबयूएसबीचा खटाटोप हवाच कशाला? ते उपकरण सीरियल पोर्ट म्हणून सरळ उघडता येतं.

प्रश्न : बल्क एंडपॉइंटवरून (उपकरणातल्या मोठ्या डेटाच्या वाटेवरून) १० बाइट वाचतो. कधी डेटा येतो, कधी उणे ८, कधी उणे ७.

उत्तर : उणे ८ म्हणजे ओव्हरफ्लो. उपकरण पाठवतं पॅकेट. तुम्ही १० बाइटची जागा दिलीत आणि त्याने ६४चं पॅकेट पाठवलं, तर उरलेले ५४ ठेवायला जागाच नाही. वाचायचा बफर नेहमी त्या एंडपॉइंटच्या कमाल पॅकेटच्या पटीत घ्या. बल्कसाठी यूएसबीच्या हाय स्पीडला ते ५१२ बाइट, फुल स्पीडला जास्तीत जास्त ६४. नेमका आकडा डिस्क्रिप्टरमधून (उपकरण स्वतःबद्दल देतं त्या माहितीतून) वाचा. छोटं पॅकेट आलं की वाचन तिथेच संपतं, त्यामुळे मोठ्या बफरने उगाच वाट पाहावी लागत नाही.

उणे ७ हा टाइमआउट. तो आला तरी काही बाइट हाती लागलेले असू शकतात, म्हणून एरर पाहून लगेच परत फिरू नका. किती बाइट आले ते सांगणारा आकडा आधी तपासा. टाइमआउट शून्य दिलात तर मात्र तो कधीच येणार नाही आणि उपकरण गप्प बसलं की प्रोग्रामही तिथेच अडकून राहील.